पडद्यावरील भोळे प्रेम

बेळगाव-निपाणीच्या प्रेक्षकाला मराठी, कन्नड आणि हिंदी बोलपट सारखेच परिचित. भाषा पुरती न उमगताही चेहऱ्यावरून भाव ओळखण्याची सवय त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. जे प्रेम रूढ भाषेत बोलत नाही, ते आपल्या चित्रपटांनी कसे रंगविले, हा प्रश्न म्हणूनच सीमाभागाला जवळचा वाटावा.

बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ अध्यापन केलेल्या पु. ल. देशपांडे यांचा 'गुळाचा गणपती' १९५३ साली पडद्यावर आला. गदगच्या भीमसेन जोशींचा स्वर लाभलेल्या या चित्रपटाचा नायक नाऱ्या हा भोळा, स्वप्नाळू तरुण. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन १९४३ सालीच प्रसिद्ध केले होते. परंतु आपल्या समाजात तो शब्द रुळलेला नव्हता. तेव्हा नाऱ्याला ते नाव चिकटविणे अनैतिहासिक ठरेल. जगाच्या व्यवहारात न बसणारा माणूस त्या काळी आपल्याला विनोदातून भेटत होता, एवढेच येथे नमूद करावयाचे.

पुढे १९९१ साली संजय सूरकर यांच्या 'चौकट राजा'मध्ये हसण्याची जागा अश्रूंनी घेतली. दिलीप प्रभावळकरांचा नंदू स्वमग्न नव्हे, मतिमंद आहे. बालमैत्रीण मीनल त्याला पुन्हा भेटते, ती संसारी स्त्री म्हणून. त्याच्या जिव्हाळ्याला प्रेक्षकांची सहानुभूती मिळाली. पण त्याला स्वतःचा संसार असावा, असे किती जणांच्या मनात आले असेल?

त्या प्रश्नाला हिंदी चित्रपटाने वाट करून दिली. 'माय नेम इज खान'मधील (२०१०) ॲस्पर्गर असलेला रिझवान मंदिराचे मन जिंकून तिच्याशी विवाह करतो. अनुराग बसूंच्या 'बर्फी'त (२०१२) मूकबधिर नायक कोसळत्या दिव्याच्या खांबाखाली उभा राहून आपल्या माणसांची परीक्षा पाहतो. इतर दचकतात, स्वमग्न झिलमिल मात्र त्याचा हात सोडीत नाही. विश्वासाची कबुली याहून निराळ्या शब्दांत काय द्यावयाची?

कायद्याची वाटचालही अशीच सावकाश झाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात 'जड' व 'वेडा' अशा ढोबळ शब्दांनी विवाहाची पात्रता ठरे. १९७६ च्या दुरुस्तीने ते शब्द गेले आणि संमती देण्याच्या क्षमतेचा विचार आला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची नावानिशी दखल घेतली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांतही तिला स्थान मिळाले.

तरीही एक उणीव राहतेच. रिझवान आणि झिलमिल या दोन्ही भूमिका नामवंत नटांनी साकारल्या. स्वमग्न माणूस स्वतः पडद्यावर आला नाही. अमेरिकेत २०१७ च्या 'कीप द चेंज' या प्रेमकथेत रेचेल इस्रायल यांनी नायक-नायिकेसाठी स्वमग्न कलावंतच निवडले. तेथे प्रेमाचे अडखळणे, रुसणे, खोटे बोलणेही त्यांचे स्वतःचे आहे. देवभोळेपणाचा मुलामा त्यावर नाही.

शेजाऱ्याची भाषा आपल्याला येत नाही, म्हणून त्याला मन नाही असे सीमेवरचा माणूस कधी म्हणत नाही. स्वमग्न तरुण-तरुणींच्या बाबतीतही आपण तोच न्याय लावावयास हवा. कीव पुष्कळ झाली. आता त्यांना प्रेमाची आणि नकाराचीही मोकळीक मिळावी. तशी एखादी मराठी वा कोंकणी प्रेमकथा पडद्यावर आली, तर तिचे स्वागत करण्यास हा सीमाभाग मागे राहू नये.