कड्याला क्षेत्रफळ नसतं

लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या वनस्पतिसंग्रहात सह्याद्रीतून गेलेले शेकडो वाळके नमुने आहेत. त्यातल्या कित्येकांच्या कोपऱ्यात एकच छापील चिठ्ठी डकवलेली दिसते. प्रांत: मलबार, कोकण, इत्यादी. गोळा करणारे: स्टॉक्स, लॉ, इत्यादी. जोसेफ हूकर आणि थॉमस थॉमसन या जोडगोळीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हाती आलेले गठ्ठे निरनिराळ्या संस्थांना वाटले, तेव्हा ही चिठ्ठी छापून घेतली होती. कुठला घाट, कुठलं गाव, डोंगराची पूर्वेची बाजू की पश्चिमेची, हे सगळं त्या 'इत्यादी'त जिरून गेलं. झाडाला नाव द्यायचं एवढाच हेतू होता, तोवर काही अडलं नाही. अडायला लागलं ते शतकभरानंतर, जेव्हा त्यातली काही झाडं दिसेनाशी झाली आणि ती पुन्हा लावायची तर कुठे, असा प्रश्न आला.

या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्रात तरी एका छोट्याशा मांसल झुडपाच्या आधारे सांगता येतो. त्याचं नाव शिंदळ माकुडी. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. अलीकडे काहीजण त्याला शिवसुमन म्हणतात, कारण शिवनेरीच्या कड्यावर ते सापडतं.

हे झुडूप शास्त्राच्या दप्तरी नोंदवलं निकोल अलेक्झांडर डाल्झेल याने. हा मूळचा एडिंबराचा. 1841 साली मुंबई इलाख्यात आला तो जकात, मीठ आणि अफू या खात्यातला साहेब म्हणून. वनस्पतींचा नाद मात्र इतका दांडगा की 1861 साली त्याने अलेक्झांडर गिब्सनबरोबर 'द बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला आणि पुढे इलाख्याच्या जंगलखात्याची सूत्रंही त्याच्याकडे आली. गिब्सनही काही कमी नव्हता. पेशाने डॉक्टर, पुण्याजवळच्या दापुडीच्या सरकारी बागेचा प्रमुख, आणि 1847 पासून इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. दापुडीत त्याने एका एतद्देशीय चित्रकाराकडून करून घेतलेली वनस्पतींची सुंदर चित्रं आज एडिंबराच्या उद्यानात आहेत; चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

ग्रंथ निघाल्यावर तीनेक वर्षांनी डाल्झेलने जुन्नरच्या डोंगराळ मुलखातल्या या नव्या झुडपाचं वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापलं आणि त्याला तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचं नाव दिलं. योगायोग असा, की याच फ्रियरसाहेबांच्या कारकिर्दीत मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडली गेली. तट पाडणाऱ्याचं नाव गडांच्या कड्यांवर तग धरून राहिलेल्या फुलाला चिकटलं.

फूल दिसायला खरोखर देखणं आहे. जेमतेम दोन सेंटिमीटरची पाच पाकळ्यांची चांदणी, गडद मरून रंगाची, त्यावर पिवळे ठिपके आणि कडेला बारीक लव. परागीभवनाचं काम माशा करतात. खोड बोटाएवढं जाड, राखट हिरवं, कपारीतून खाली लोंबणारं. माळावर सापडणारी आणि गुराखी पोरं सहज तोडून खातात ती माकडशिंग हिच्याच गोतातली. पण त्या गोतात खोडानेच पानाचं काम करायचा रिवाज आहे. पान असलंच तर नावापुरतं. शिंदळ माकुडीला मात्र पावसाळ्यात चांगली रुंद, ठसठशीत पानं येतात आणि पाऊस सरला की गळून जातात. उरतं ते नुसतं खोड, कातळाच्या रंगात मिसळून गेलेलं. जानेवारीत समोर उभं राहूनही ते ओळखू येईलच असं नाही.

डाल्झेलनंतर हळूहळू पत्ते वाढले: शिवनेरी, पुरंदरचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, भंडारदऱ्याजवळचा रंधा धबधबा. उत्तर-दक्षिण अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात, पण प्रत्येक ठिकाणी झुडपं मोजकीच आणि तीही उभ्या कड्यावर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडळ सुरू झाल्यावर आणि जगभर लाल यादीचं वारं वाहू लागल्यावर, हे झुडूप धोक्यातल्या वनस्पतींत आलं. 'जगातल्या सर्वांत धोक्यातल्या बारा वनस्पतींपैकी एक' हे बिरूद तर भारतीय लेखनात इतक्यांदा आलं आहे, की झुडपापेक्षा बिरुदच जास्त पसरलं असावं.

पत्त्यांची ही यादी नीट पाहिली तर एक गंमत लक्षात येते. त्यात गडच गड आहेत.

गड हा मुळात कड्यांचा कारभार. नैसर्गिक कडा पुरा पडला नाही तर तो तासायचा, चढता येईल अशी जागा ठेवायची नाही, हा गडबांधणीचा पहिला नियम. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर गडाभोवतालची झाडी जपायची, वाढवायची आणि त्यातली काठीसुद्धा तोडू द्यायची नाही, अशी ताकीद आहे. 1818 नंतर इंग्रजांनी अनेक गडांच्या पायऱ्या उडवल्या, शिबंदी उठली, घेऱ्यातली राखण संपली. पुढे शेळ्या आल्या, वणवे आले, लाकूडतोड आली. हे सगळं जिथे पोचू शकलं नाही ते कडेच तेवढे उरले. तेव्हा शिंदळ माकुडी आज कड्यावर आहे ती तिला कडाच आवडतो म्हणून, की बाकी सगळीकडून तिला हुसकून लावलं म्हणून? वनस्पतीचा अधिवास नकाशावर मांडायला निघालेल्या माणसाची पहिली कसोटी इथेच लागते. सुरक्षित राहिलेली जागा आणि सोयीची जागा या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि नकाशाला त्यातला फरक आपोआप कळत नाही.

कुठली वनस्पती कुठे आणि का वाढते, हा प्रश्न नकाशावर मांडायची परंपरा जुनी आहे. आलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने 1807 साली चिंबोराझो पर्वताचा छेद काढून उंचीनुसार वनस्पतींची नावं त्यावर लिहिली, तिथून ती सुरू होते असं मानतात. महाराष्ट्रातला तिचा मोठा वारस म्हणजे शंकर पुरुषोत्तम आघारकर. मालवणचा हा माणूस पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीत पोचला, युद्ध पेटताच नजरकैदेत अडकला, आणि तरीही बर्लिनमध्ये आडोल्फ एंगलरच्या हाताखाली डॉक्टरेट घेऊन परतला. विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या मुलखातल्या झाडाझुडपांचा प्रसार आणि त्याची साधनं. प्रबंध 1920 साली छापला गेला. पुण्यातली संशोधन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि तिथला वनस्पतिसंग्रह सह्याद्रीच्या अभ्यासकांचा नेहमीचा मुक्काम आहे. पुढे 1955 साली सुरू झालेल्या पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने भारताच्या वनश्रीचे दशलक्षांश प्रमाणाचे नकाशे काढले. त्यात हवामान, माती आणि जंगल एकाच कागदावर आलं. पण हे नकाशे जंगलांचे होते. एकट्यादुकट्या झुडपाला त्यात जागा नव्हती.

ती जागा संगणकाने दिली. ऑस्ट्रेलियात हेन्री निक्सने 1980च्या दशकात 'बायोक्लिम' ही पद्धत रूढ केली, तिची गाजलेली चाचणी सापांच्या वितरणावर झाली. युक्ती साधी: प्राणी किंवा वनस्पती जिथे जिथे सापडली तिथलं तापमान आणि पाऊस काढायचा, आणि तशाच हवामानाचा बाकी मुलूख रंगवायचा. 2005 साली 'वर्ल्डक्लिम' नावाने साऱ्या जगाचं हवामान सुमारे एक किलोमीटरच्या चौकटींत फुकट मिळू लागलं. दुसऱ्याच वर्षी स्टीव्हन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी 'मॅक्सएंट' ही आज्ञावली सविस्तर मांडली. तिला वनस्पती कुठे नाही हे सांगावं लागत नाही; कुठे आहे एवढं पुरतं. जुन्या वनस्पतिसंग्रहांना एकाएकी भाव आला तो यामुळे. ज्या चिठ्ठीवर गावाचं नाव आहे ती सोन्याची, 'कोकण, इत्यादी' वाली बिनकामाची.

या पद्धतीला यश आलेलंच नाही असं नाही. मेघालयात खासी टेकड्यांवर आयलेक्स खासियाना नावाचा एक दुर्मीळ वृक्ष आहे. शिलाँगच्या नॉर्थ-ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी त्याच्या ज्ञात जागा, हवामान आणि उपग्रहाने टिपलेली हिरवाई एकत्र करून नकाशा बनवला, मग प्रत्यक्ष जंगलात जाऊन तो ताडून पाहिला आणि पुनर्लागवडीला योग्य पट्टे सुचवले. 2012 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि भारतात तशा कामांचा रतीब सुरू झाला. वृक्ष जंगलात, जंगल पठारावर, पठार चौकटीत: तिथे हे गणित जमतं.

सह्याद्रीच्या कड्यावर ते फसतं, आणि कारण अगदी भूमितीतलं आहे. नकाशा जमिनीकडे वरून पाहतो. वरून पाहिलं तर दोनशे मीटर उंचीचा सरळसोट कडा म्हणजे नुसती एक रेघ. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात तिथे समोच्च रेषा एकमेकींना चिकटतात आणि पुढची तपकिरी दाटी वाचणं कुणालाच शक्य नसतं. उपग्रहाच्या चित्रात तर बहुधा कड्याची सावलीच दिसते. म्हणजे झुडपाची सगळी वस्ती अशा जागी, जिला कागदावर क्षेत्रफळच नाही.

शिवाय पावसाचं काय? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. जुन्नर गावात तो हजारही भरत नाही. शिंदळ माकुडी दोन्हीकडे आहे. पावसावर बेतलेल्या आज्ञावलीला हे आकडे दिले तर ती या दोन टोकांमधला सगळा घाटमाथा रंगवून मोकळी होते. झुडपाला त्या आकड्यांचं फारसं सोयरसुतक नसावं. दख्खनच्या बेसॉल्टचे थर आडवे पसरलेत, दोन थरांमधल्या मऊ भागाची झीज होऊन कपारी पडतात, तिथे मूठभर माती साठते, पावसाळ्यात पाझर असतो आणि पाणी क्षणभरही तुंबत नाही. मांसल मुळाखोडाच्या झाडाला मारतं ते साचलेलं पाणी. कड्यावर हजार मिलिमीटर पडो की पाच हजार, निचरा तोच.

आणि हीच वनस्पती कुंडीत मजेत वाढते, यावर इथे थोडं थांबायला हवं. युरोपातल्या निवडुंगप्रेमींच्या काचघरांत ती वर्षानुवर्षं आहे. खोडाचा तुकडा लावला तरी जगतो. शिरवळजवळच्या शिंदेवाडीत नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने तिची रोपं वाढवून ती पुन्हा निसर्गात लावण्याचं काम केलं, आणि प्रयोगशाळांत उतीसंवर्धनही जमलं आहे. तेव्हा रोप तयार करणं हा अडसर नाहीच. अडसर आहे तो जागेचा, आणि थोडा वाणाचाही: एकाच झुडपाच्या तुकड्यांपासून केलेली शंभर रोपं म्हणजे शंभर झाडं नव्हेत, एकाच झाडाच्या शंभर प्रती आहेत. कुठल्या कड्यावरचं रोप कुठल्या कड्यावर गेलं याची चोख नोंद नसेल, तर पुढच्या पिढीतल्या अभ्यासकाला नैसर्गिक वस्ती कुठली आणि लावलेली कुठली हेच कळायचं नाही. मग त्याचाही नकाशा चुकणार.

पत्ते लपवण्याचीही आता पाळी आली आहे. अशा झुडपांचे चाहते जगभर आहेत आणि सगळेच काही सज्जन नसतात. म्हणून आयनॅचरलिस्टसारख्या खुल्या नोंदस्थळावर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा मुद्दाम धूसर करतात; एक पंचमांश अंशाच्या चौकटीत कुठेतरी, एवढंच सामान्य वाचकाला दिसतं. एवढ्या चौकटीत अख्खा पुरंदर आणि आजूबाजूची डझनावारी गावं सहज मावतात. झुडपाच्या सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. अधिवासाचा नकाशा करणाऱ्याला मात्र मूळ आकडे मागून घ्यावे लागतात, नाहीतर त्याच्या आज्ञावलीला सपाट शेतातही शिंदळ माकुडी दिसू लागते.

तेव्हा कामाचा नकाशा वरून काढून भागणार नाही. कड्याच्या समोर उभं राहून काढावा लागेल. प्रत्येक कड्याचं तोंड कुठल्या दिशेला, दुपारचं ऊन किती वेळ, कपारींच्या ओळी किती उंचीवर, पाझर कुठे, वानरांची वाट कुठली, शेळी कुठवर चढते. यातलं बरंच काही घेऱ्यातल्या गुराख्याला आणि दोरावर लोंबकळणाऱ्या गिर्यारोहकाला पाठ असतं, फक्त ते कुठल्या संग्रहाच्या चिठ्ठीवर आलेलं नाही. ड्रोनच्या तिरक्या छायाचित्रांतून कड्याचं त्रिमितीय चित्र आता करता येतं, आणि तसं झालं तर कड्याला पहिल्यांदाच क्षेत्रफळ मिळेल. पण त्यातही वेळेचा पेच आहे. शिंदळ माकुडी फुलते ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास. त्यातला बराच काळ कड्यावर धुकं आणि शेवाळ असतं, तिथे दोर लावायला कुणी धजत नाही. कातळ सुकून हात धरण्याजोगा होतो तेव्हा फुलं गेलेली आणि पानं गळू लागलेली. मधले काही थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत खालून दुर्बिणीने मरून ठिपके हेरून ठेवायचे, त्यांच्या खुणा छायाचित्रावर करायच्या, आणि वर जायचं ते नंतर, कोरड्या कातळावर, बिनपानांच्या खोडाचा माग काढत.