तेलाचा पापुद्रा आणि एक हरवलेले नाव

यंत्राला वंगण घालण्याचे काम माणूस हजारो वर्षे करत आला आहे. ते वंगण आत जाऊन नेमके काय करते, हे मात्र त्याला दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत नीट ठाऊक नव्हते. तेलाने पृष्ठभाग निसरडा होतो आणि म्हणून घर्षण कमी होते, एवढीच समजूत होती. ती समजूत मोडली एका बुचाने.

१८८३ साली इंग्लंडमधील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेसाठी बीचम टॉवर हे रेल्वेच्या आसावरील बेअरिंगचे प्रयोग करत होते. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वरून बेअरिंगचा भार, अशी त्यांची मांडणी होती. वरून तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगला भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट बाहेर येऊ लागले. त्यांनी बूच लावले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक जोडला, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा भार मात्र सरासरीने चौरस इंचाला सुमारे १०० पौंडच होता. याचा अर्थ एकच होता : धातू धातूवर टेकलेलाच नव्हता. सगळा भार तेलाने तोलून धरला होता.

याचे गणित मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ साली मांडले. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढतो. पुढे फट अरुंद होत जाते, त्या पाचरीत तेल कोंडते आणि त्याचा दाब वाढतो. हा दाबच भार उचलतो. बेअरिंगचे कोडे असे सुटले.

गिअरच्या दात्यांचे मात्र सुटेना. बेअरिंगमध्ये आस खोबणीत बसलेला असतो, त्यामुळे भार बऱ्याच जागेवर पसरतो. दाते एकमेकांना जेमतेम एका रेषेवर भेटतात आणि त्या रेषेवर लोळतातही, घसरतातही. १९१६ साली मार्टिन यांनी दात्यांसाठी रेनल्ड्सचे समीकरण सोडवले. उत्तरात तेलाचा थर इतका पातळ निघाला, की पोलादाचे खडबडीत उंचवटेही त्याने झाकले नसते. गणिताप्रमाणे दाते झिजून जायला हवे होते. प्रत्यक्षात गिअर वर्षानुवर्षे चालत होते.

चूक गृहीतकांत होती. मार्टिन यांनी पोलाद कधीच न दबणारे आणि तेलाचा दाटपणा कायम राहणारा मानला होता. वास्तविक दोन्ही गोष्टी विज्ञानाला ठाऊक होत्या. दाबाखाली घन पदार्थ किती चपटे होतात, हे जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८१ सालीच मांडले होते. दाब वाढला की द्रवाचा दाटपणा झपाट्याने वाढतो, हे अमेरिकेत कार्ल बॅरस यांनी १८९३ साली दाखवले होते. दोन्ही एकत्र करून पाहणारे कोणी नव्हते.

ते काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मॉस्कोत अलेक्झांडर एर्टेल यांनी केले. दात्यांच्या भेटीची जागा हजारो वातावरणांच्या दाबाखाली किंचित चपटी होते. तिच्या तोंडाशी शिरणारे तेल क्षणात इतके घट्ट होते, की बाहेर निसटायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून थराची जाडी त्या तोंडाशीच ठरते. या हिशोबाने थर मार्टिन यांच्या उत्तराच्या कितीतरी पट जाड निघाला. जाड म्हणजे तरी किती? बहुधा एका मायक्रॉनच्या आत, आपल्या केसाच्या काही दशांश टक्के ते एखाद-दोन टक्के. तरीही दाते वाचवायला तेवढा पुरतो.

युद्धानंतर एर्टेल सोव्हिएत संघाबाहेर पश्चिमेकडे निघून गेले. स्टालिनच्या राजवटीत अशा माणसाचे नाव छापणे धोक्याचे होते. १९४९ साली हे संशोधन छापून आले ते ग्रुबिन यांच्या नावावर, आणि जगभरचे अभियंते त्याला ग्रुबिनचे सूत्र म्हणू लागले.

विषय पुढे वाढत गेला. १९५९ साली डाउसन आणि हिगिन्सन यांनी आकडेमोडीने संपूर्ण उत्तर काढले. बाहेर पडण्याच्या टोकाशी थर आणखी आकसतो, असे त्यात दिसले. १९६३ साली लंडनमध्ये गोहर आणि ॲलेस्टर कॅमरून यांनी पोलादी गोळी पारदर्शक पृष्ठभागाला लावून प्रकाशाच्या रंगपट्ट्यांत तो थर डोळ्यांनी पाहिला. ते आकसणे घोड्याच्या नालासारखे दिसत होते. बुचाने सुचवलेली गोष्ट ८० वर्षांनी दृष्टीस पडली.

याच कॅमरून यांनी १९८५ साली एका शोधपत्रिकेत लेख लिहून त्या उत्तराचे खरे कर्तृत्व एर्टेल यांचे असल्याचे जाहीर केले. तोपर्यंत चाळीस वर्षे उलटली होती. आज अनेक ग्रंथांत त्या सूत्राला एर्टेल-ग्रुबिन असे जोडनाव असते. आपल्या घरच्या पंख्यापासून आगगाडीच्या चाकांपर्यंत सगळे त्या पापुद्र्यावर फिरते आहे. तो मोजायला विज्ञानाला जेवढी वर्षे लागली, त्याच्या निम्मी वर्षे तो मोजणाऱ्याचे नाव परत मिळवण्यात गेली.