वेडा, गोसावी आणि दाखला

भोकरदन तालुक्यातील एका मातेने मागील पावसाळ्यात आम्हांस विचारलेला प्रश्न मनातून जात नाही. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. तो थोडेच बोलतो, एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणतो आणि चर्चमधील बाके दर रविवारी नव्याने मोजतो. शेजाऱ्यांनी सुचविले, जाळीच्या देवाला न्या. डॉक्टरांनी सुचविले, अपंगत्वाचा दाखला काढा. “फादर, लेकरू येगळं हाय का अपंग?”

जाळीचा देव हे आपल्या जिल्ह्यातील महानुभावांचे स्थान. त्याच पंथाच्या वाङ्मयात आम्हांस या प्रश्नाचा जुना धागा सापडला. चक्रधरस्वामींचे गुरू गुंडम राऊळ तेराव्या शतकात ऋद्धिपूरला राहत. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी संकलित केल्या. राऊळ कोणाच्याही घरात शिरत, हाती येईल ते खात, स्वतःशीच बोलत, हसत, ठरावीक शब्दांत रागावत, महारामांगांच्या घरीही जात. गाव त्यांना वेडे म्हणे आणि देवही म्हणे. त्यांना स्वमग्न ठरविण्याचा उतावळेपणा आम्ही करणार नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान कोण करणार? मात्र चक्रधरांनंतर नागदेवाचार्यादी शिष्य ऋद्धिपुरास येऊन त्यांची सेवा करीत राहिले, हे विसरू नये. वेगळेपणाचा तेथे आदर झाला, तो सांभाळणारे हात होते म्हणून. शिवाय राऊळ ब्राह्मण होते. गावकुसाबाहेरच्या अशा लेकराची लीळा कोणी लिहिली?

पुढे १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि या स्थितीस वैद्यकात नाव मिळाले. त्यानंतर कित्येक वर्षे आईच्या थंडपणाला दोष दिला गेला. तो निराधार ठरला, पण तोवर किती माता रडल्या असतील! १९९३ साली जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीनेच पालकांना सांगितले की आमच्यासाठी शोक करू नका. वेगळेपणाचा पक्ष तेथून बळावला. आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत ती आली. पोप फ्रान्सिस यांनीही नोव्हेंबर २०१४ मध्ये या कुटुंबांचे एकाकीपण आणि त्यांच्यावरील कलंक दूर करण्याचे आवाहन केले.

म्हणून आम्ही त्या मातेस सांगितले, ‘वेगळा’ हा शब्द घरात व चर्चमध्ये वापरा, ‘दिव्यांग’ हा शब्द कचेरीत. कायद्यातील मुख्य सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. त्या नाकारून लेकराचा मान वाढत नाही. तिला खरी धास्ती थोरल्या मुलीच्या सोयरिकीची होती. ती आम्हांस दूर करता आली नाही. अर्ज मात्र आम्ही दोघांनी मिळून भरला. मुलगा तेवढ्यात बाके मोजून आला आणि एक बाक कमी झाल्याचे त्याने सांगितले. ते सुताराकडे दुरुस्तीस गेले होते.