अमेरिकेतील मध्यावधी निवडणुकांमधील सत्ताधारी पक्षाची पीछेहाट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या कार्यकाळाच्या मध्यास होणाऱ्या निवडणुकांना मध्यावधी निवडणुका म्हणतात. या निवडणुकांत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या जागा बहुतेक वेळा घटतात. १९४६ ते २०२२ या काळातील २० मध्यावधी निवडणुकांपैकी केवळ १९९८ व २००२ मध्येच त्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा वाढल्या.

भारतात मुदतीपूर्वी सभागृह विसर्जित झाल्याने घ्याव्या लागणाऱ्या निवडणुकीस मध्यावधी निवडणूक म्हणतात. १९७१ व १९८० च्या लोकसभा निवडणुका तशा होत्या. अमेरिकेतील मध्यावधी निवडणुका मात्र ठरलेल्या वेळापत्रकानुसारच होतात.

स्वरूप

प्रतिनिधिगृहाच्या ४३५ सदस्यांची मुदत दोन वर्षांची असल्याने मध्यावधीत या सर्व जागांसाठी मतदान होते. सेनेटच्या सदस्यांची मुदत सहा वर्षांची असून दर दोन वर्षांनी सुमारे एकतृतीयांश जागांची निवडणूक होते. त्यामुळे सेनेटचा निकाल कोणत्या राज्यांतील जागा रिक्त होत आहेत यावरही अवलंबून असतो. २०१८ मध्ये रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहात ४० जागा गमावल्या, परंतु सेनेटमध्ये त्याच्या दोन जागा वाढल्या.

कारणमीमांसा

लाट व ओहोटी: अँगस कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एरवी राजकारणापासून दूर राहणारे मतदारही मतदानास येतात आणि विजयी उमेदवाराबरोबर त्याच्या पक्षालाही मते देतात. दोन वर्षांनंतर हे मतदार घरी राहतात व ती वाढीव मते ओसरतात. मात्र २०१८ मध्ये मतदान सुमारे ५० टक्क्यांपर्यंत वाढूनही सत्ताधारी पक्ष हरला. त्यामुळे केवळ मतदारांच्या अनुपस्थितीने ही पीछेहाट स्पष्ट होत नाही.

सार्वमत: एडवर्ड टफ्टी यांनी १९७५ मध्ये या निवडणुकीकडे राष्ट्राध्यक्षांच्या कामगिरीवरील कौल म्हणून पाहिले. त्यांच्या मते राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता व जनतेची आर्थिक स्थिती यांवर गमावलेल्या जागांचे प्रमाण ठरते.

नाराजांचे मतदान: सॅम्युएल कर्नेल यांनी १९७७ मध्ये असे प्रतिपादन केले की, समाधानी मतदारांपेक्षा असमाधानी मतदार अधिक हिरिरीने मतदान करतात.

समतोल: आल्बेर्तो अलेसिना व हॉवर्ड रोझेन्थाल यांच्या मते मध्यममार्गी मतदार राष्ट्राध्यक्षांच्या धोरणांना लगाम घालण्यासाठी विरोधी पक्षाला बळ देतात. या दृष्टीने कारभार बरा असतानाही सत्ताधारी पक्षाच्या जागा घटू शकतात.

यांपैकी कोणतीही एक उपपत्ती सर्व निकालांना लागू पडत नाही; बहुतेक निवडणुकांत एकाहून अधिक कारणे एकत्र दिसतात.

अपवाद

१९३४ मध्ये महामंदीच्या काळात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने दोन्ही सभागृहांत जागा वाढविल्या. १९९८ मध्ये अर्थव्यवस्था भरभराटीत होती आणि बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध रिपब्लिकनांनी चालविलेली महाभियोगाची हालचाल अनेक मतदारांना रुचली नव्हती. २००२ ची निवडणूक ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतरची होती व जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची लोकप्रियता टिकून होती.

परिणाम

प्रतिनिधिगृह विरोधकांकडे गेल्यास राष्ट्राध्यक्षांना कायदे व खर्चासाठी तडजोड करावी लागते. शिवाय चौकशी समित्यांवर विरोधकांचे नियंत्रण येते. २०१८ नंतर डेमोक्रॅटिक बहुमत असलेल्या प्रतिनिधिगृहाने डिसेंबर २०१९ मध्ये डॉनल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालविण्याचा ठराव संमत केला.

तथापि मध्यावधीतील पराभव हा राष्ट्राध्यक्षांच्या पुढील पराभवाचा संकेत ठरत नाही. १९८२ च्या पीछेहाटीनंतर रोनाल्ड रेगन १९८४ मध्ये, १९९४ नंतर क्लिंटन १९९६ मध्ये आणि २०१० मध्ये ६३ जागा गमावल्यानंतर बराक ओबामा २०१२ मध्ये पुन्हा निवडून आले.