वाळूची साक्ष कोणी ऐकली नाही?

11 मार्च 2011 रोजी त्सुनामीने फुकुशिमाच्या अणुभट्ट्या बुडवल्या. कंपनी म्हणाली, हे कल्पनेपलीकडचे होते. खरेच? इ.स. 869 च्या जोगान त्सुनामीने सेंदाईच्या मैदानात कित्येक किलोमीटर आत वाळूचा थर टाकला होता. भूवैज्ञानिकांनी तो खणून मोजलाही होता. जून 2009 मध्ये भूवैज्ञानिक युकिनोबु ओकामुरा यांनी नियामक संस्थेच्या समितीतच विचारले, जोगानचा विचार का केला नाही? प्रश्न पुढे ढकलला गेला. का? कारण ती संस्था अणुऊर्जेचा प्रसार करणाऱ्या मंत्रालयाच्याच हाताखाली होती! म्हणजे ज्याचा धंदा, त्याचाच पंच. तज्ज्ञाला खुर्ची मिळाली, अधिकार नाही. स्वतंत्र नियामक 2012 मध्ये आला. तोवर लाखाहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली होती.