बांधावरून दिसलेलें युद्ध

चित्रकथा म्हणजे पोरांची करमणूक; तिचा इतिहासाशीं काय संबंध, असें आमच्या पुष्कळ वाचकांस वाटेल. तथापि जिच्यामुळें एका बलाढ्य राष्ट्राच्या माजी सैनिकांची संघटना खवळली आणि लष्करी तळांवरील दुकानांनीं जी विकण्याचें नाकारलें, ती चित्रकथा इतिहासाच्या अभ्यासकानें एकदां तरी उघडून पाहावी. आमचा रोख जेम्स वॉरेन या अमेरिकन प्रकाशकाच्या ‘ब्लेझिंग कॉम्बॅट’ या युद्धकथांच्या त्रैमासिकाकडे, विशेषतः त्याच्या जानेवारी १९६६ च्या दुसऱ्या अंकाकडे आहे.

अमेरिकेंतील चित्रकथांच्या प्रकाशकांनीं १९५४ सालीं स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली होती. वॉरेन यांनीं आपला अंक मोठ्या आकाराचा, काळ्या-पांढऱ्या छपाईचा व ३५ सेंट किमतीचा काढून सामान्य मासिकांच्या पंक्तीस बसविला आणि त्या बंधनांतून सुटका करून घेतली. संपादक आर्ची गुडविन. बहुतेक कथाहि त्यांच्याच. कोरियाच्या युद्धाच्या काळीं हार्वे कर्ट्झमन यांनीं युद्धकथांतील पोकळ वीरश्रीस रजा दिली होती. गुडविन यांनीं तोच मार्ग पत्करला.

या अंकाचें मोल आमच्या मतें ‘लँडस्केप’ या एका कथेंत आहे. चित्रें जो ऑर्लँडो यांचीं. व्हिएतनाममधील एक वृद्ध भातशेतकरी. राज्य कोणाचें यावें याविषयीं त्याचा आग्रह नाहीं. दोन्ही पक्षांच्या घोषणा तो सारख्याच उपहासानें ऐकतो. अखेर तोच मरतो, आणि कारण एवढेंच कीं तो त्या जागीं राहत होता. बंदूक रोखणारा शिपाईच नायक असावा, ही या वाङ्मयाची जुनी रूढि. येथें वाचकास बंदुकीच्या पुढें उभें केलें आहे. आमच्या बखरींत कोणते सरदार पडले हें सांपडतें. ज्याचें उभें पीक फौजांनीं तुडविलें तो कुणबी क्वचितच सांपडतो. बखरी चाळलेल्या वाचकास या पालटाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

परंतु उणें आहे तेंहि येथेंच. शेतकऱ्यास युद्ध वादळाप्रमाणें अंगावर आलेलें दिसावें, हें स्वाभाविक. कथाकारासहि तें तसेंच दिसावें काय? १९५४ च्या जिनीव्हा करारानें देशाचे दोन भाग झाले, १९५६ मध्यें व्हावयाच्या निवडणुका झाल्याच नाहींत, मार्च १९६५ मध्यें अमेरिकन मरीन डा नांगला उतरले, आणि त्या वर्षअखेर तेथील अमेरिकन सैन्य सुमारें १,८४,००० वर गेलें. या कार्यकारणाचा पत्ता कथेंत लागत नाहीं. वि. का. राजवाडे यांच्या कठोर टीकेंतून बखरी सुटल्या नाहींत, मग चित्रकथेनें कां सुटावें? थोडक्या पानांकडून ही अपेक्षा जास्त, असें कोणी म्हणेल. एक चौकट पुरली असती.

इतर कथांत ‘सॅराटोगा’ ही १७७७ च्या लढाईची. रीड क्रँडल यांची रेखाटणी डोळ्यांत भरते, मजकूर मात्र शाळेंतल्या धड्याच्या वळणाचा. ‘लोन हॉक’ ही पहिल्या महायुद्धांतील कॅनेडियन वैमानिक बिली बिशप याची कथा. चित्रें अॅलेक्स टॉथ यांचीं. बिशपच्या नांवावर ७२ विमानें पाडल्याची सरकारी नोंद आहे. जून १९१७ मध्यें शत्रूच्या विमानतळावर एकट्यानें केलेल्या ज्या हल्ल्याबद्दल त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यास त्याच्या बाजूचा साक्षीदार कोणी नव्हता. यावर कॅनडांत मोठें वादळ उठलें तें १९८२ च्या एका चित्रपटानंतर. तेव्हां १९६६ च्या लेखकास दोष देतां येत नाहीं. तरी त्या म्हाताऱ्याच्या शेजारीं हा एकांडा वीर बसविल्यानें अंकाचा सूर फाटतो.

पुढें अमेरिकन लीजन या संघटनेनें वितरकांवर दडपण आणलें, असें वॉरेन सांगत. गठ्ठे न उघडतांच परत येऊं लागले. जुलै १९६६ चा चौथा अंक शेवटचा ठरला. रोष ‘लँडस्केप’ वर होता. बिशपविषयीं कोणी चकार शब्द काढला नाहीं. चारहि अंक २००९ सालीं एकत्र पुस्तकरूपानें निघाले आहेत. जिज्ञासूंनीं ते पाहावे, ‘सॅराटोगा’ वगळली तरी चालेल.