अलार्म वाजला, आता काय?

आजची गोष्ट नर्सेसच्या एका दिवसाची. १२ मेच्या परिचारिका दिनाची नाही हं. त्या दिवशी फुलं मिळतात, केक कापतात. मी बोलतेय वर्षातून एकदा होणाऱ्या शिक्षणाच्या दिवसाबद्दल.

मी हृदयरोगाच्या आयसीयूत सिस्टर आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे असा दिवस पहिल्यांदा ठरला आणि आयोजन माझ्या गळ्यात पडलं. दीपप्रज्वलन, सत्कार, डॉक्टरांची पाच भाषणं, जेवण. छान झालं असंच मला वाटत होतं. शेवटी नाइट करून थेट आलेली एक ज्युनिअर सिस्टर उठली. "मॅडम, रात्री अडीचला मॉनिटरचा अलार्म वाजला, तर डॉक्टर येईपर्यंत मी नेमकं काय करायचं?"

तिला उत्तर द्यायला वेळच उरला नव्हता. पाच भाषणांत ते कुठेच आलं नव्हतं.

नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं, तिचा हा प्रश्न साठ वर्षांहून जुना आहे. आमची स्पेशालिटी उभीच त्यावर राहिली!

बघा, १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छातीवरून शॉक देऊन हृदयाची बिघडलेली लय परत आणता येते, हे दाखवलं. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, बाहेरून दाबून रक्त फिरतं ठेवता येतं, हेही दाखवलं. उपाय हाताशी होते. पण पेशंट वेगवेगळ्या वॉर्डांत, मशीन तिसरीकडे, डॉक्टर वाटेत. आणि शॉकला उशीर झाला, छातीही दाबली गेली नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

१९६१ मध्ये एडिनबराचे डॉ. डेस्मंड ज्युलियन यांनी मांडलं, की हे पेशंट एकत्र ठेवा, ईसीजी सतत चालू ठेवा, आणि डॉक्टर नसतील तेव्हा प्रशिक्षित नर्सला उपचार सुरू करू द्या. त्या काळी हे शेवटचं वाक्य फार धाडसाचं होतं. ईसीजी वाचणं म्हणजे डॉक्टरांचं काम!

१९६२ मध्ये कॅन्सस सिटीत डॉ. ह्यूज डे यांनी असं युनिट सुरू केलं. फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि नर्स रोझ पिनिओ यांनी नर्सेसना ईसीजी वाचायला शिकवलं. १९६५ मध्ये खास नर्सेससाठी त्यांचं पुस्तकही आलं. १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे किलिप आणि किंबॉल यांनी २५० पेशंटांचा अभ्यास छापला. ज्यांचा रक्तदाब कोसळून शॉकची अवस्था आली नव्हती, अशांचं मृत्यूचं प्रमाण साध्या वॉर्डात २६ टक्के होतं, तर अशा युनिटमध्ये ७ टक्के.

पण एकदा शिकून भागेना. नवी औषधं, नवी मशीन्स येतच होती. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या हृदयविभागाच्या नर्सेसनी स्वतःची संघटना काढली. १९७१ मध्ये तिच्या नावात 'क्रिटिकल केअर' आलं आणि १९७४ पासून त्यांचं राष्ट्रीय शिक्षण संमेलन सुरू झालं. ते आजही दरवर्षी भरतं.

हे वाचलं आणि दुसऱ्या वर्षी मी यादी उलटीकडून केली. दोन महिने आधी प्रत्येक शिफ्टला चिठ्ठ्या वाटल्या. नाव नको, फक्त लिहा, कुठे अडता? चाळीसेक चिठ्ठ्या आल्या, निम्म्या रात्रीच्या. कार्यक्रम त्यावरूनच बेतला. वॉर्ड रिकामा पडू नये म्हणून एकच कार्यक्रम दोन दिवस, दोन बॅचेसमध्ये ठेवला. नाइटवाल्यांना आदल्या रात्री ऑफ मिळावा यासाठी मेट्रनच्या केबिनमध्ये तीन फेऱ्या मारल्या. भाषणं दोनच. बाकी वेळ पुतळ्यावर सराव, ईसीजीच्या पट्ट्या आणि हँडओव्हर.

सत्कार गाळले म्हणून काही मंडळी रुसली. रुसू देत.

सगळ्यात अवघड होतं ते अडीच वाजताचं उत्तर. नुसतं शिकवून काय उपयोग, परवानगी नसेल तर? म्हणून त्या सत्रात डॉक्टरांना शेजारी बसवलं. सिस्टरने स्वतःहून काय सुरू करायचं आणि कशासाठी थांबायचं, हे एका पानावर लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली.

ते पान आता मॉनिटरशेजारी लावलेलं आहे. दरवर्षी आम्ही ते काढतो, वाचतो, बदलतो. प्रश्न विचारणारी ती सिस्टर यंदा दुसऱ्या बॅचची आयोजक आहे. चिठ्ठ्या तिनेच वाटल्यात.